पोहता न येणारी

ओहोटी पावणेसहाला.
जांबियानीचा समुद्र इतका मागे जातो
की खुंट्या उघड्या पडतात, ओळीने,
कोणीतरी गाव वसवायला आखून ठेवावं
आणि विसरून जावं, तशा.

बी म्वाका आधीच आत, गुडघाभर पाण्यात.
बी म्हणजे इथे बाई, मानाने हाक मारायची तर.
मी डोक्यावर दप्तर धरून मागून:
तापमापक, पिशव्या, पेन्सिल.
शाई इथे टिकत नाही, पहिल्याच दिवशी कळलं.

दोरीला बांधलेलं लाल शेवाळ.
लाल म्हणायचं, दिसतं शिळ्या चहासारखं.
खरा लाल आत असतो.
वरचं पाणी आपल्या वाट्याचा उजेड पिऊन घेतं,
मग जो निळा-हिरवा खाली झिरपतो
त्याच्यावर भागवणारा.
उरल्यासुरल्यावर संसार कसा होतो,
हे बी म्वाकांना समजावावं लागलं नाही.

"हे बघ."
त्यांनी फांदी पुढे केली. टोकं पांढरी.
दाबली की नुसतं पाणी.
मी लिहिलं: एकतीस पूर्णांक आठ अंश, रांग सातवी, नमुना घेतला.
त्या लिहीत नाहीत, मोजतात:
मागच्या खेपेला सात गोण्या, या खेपेला दोन.
नातवाचे बूट पुढच्या खेपेला.

प्रयोगशाळेत हेच मी उकळलं आहे,
गाळलं आहे, अल्कोहोलमध्ये ओतलं आहे,
आणि ते दोऱ्यादोऱ्यांनी वर आलेलं पाहिलं आहे.
चिमूटभर पुरतं.
टूथपेस्टला बसू देत नाही,
कुठल्या थंड शहरातल्या आइस्क्रीमला
लवकर वितळू देत नाही.
एकदा बशीत घट्ट झालेलं नेऊन दाखवलं.
त्यांनी बोटाने हलवून पाहिलं.
"तिकडे एवढं धरून ठेवतं,
मग इथे का सोडून देतं?"

उत्तर माझ्या अहवालात, पान सोळा.
पाणी तापलं. खोलात न्या.
जाळीच्या नळ्या, नांगर, होडी.
सोबत आकृती.
आकृतीत मी बाई काढली नव्हती.

शाळेच्या ओट्यावर सव्वीस जणी.
वाचून झालं. कोणी काही विचारलं नाही.
मग झुवेना, सगळ्यांत धाकटी,
"आम्हाला पोहता येत नाही."
कुणी वीस वर्षं समुद्रात, कुणी तीस,
आणि पोहता येत नाही.
पेन्सिल हातात, रकाना सापडेना.

त्या रात्री पुन्हा वाचलं, जे परीक्षेपुरतं पाठ होतं:
लाल शेवाळाच्या नरबीजाला शेपूट नसतं.
पाण्यात सुटतं, पाणी नेईल तिकडे जातं.
उत्तरेच्या एका किनाऱ्यावर कोणाला तरी दिसलं,
की शेवाळात चरणारे बारके कवचवाले जीव
ते अंगाला लावून घेतात,
या झुपक्यातून त्या झुपक्यात.
नकळत. चरता चरता.

आमच्या दोरीवरच्याला तेही नाही.
दूरच्या बेटांवरून आलेलं रोप,
त्याचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे.
दर पंधरवड्याला कोवळी दिसणारी
तीच एक म्हातारी,
मैलभर दोऱ्यांवर.

शनिवारी भरती होती.
बी म्वाका कांगा नेसूनच उतरल्या,
छातीभर पाण्यात पाठ टेकली माझ्या तळहातावर.
"हात काढू नकोस."
नाही काढत.
"काढलास?"
नाही.
काढला होता.

त्या दिवशीचं तापमान माझ्या वहीत नाही.
वहीत आहे ते मंगळवारचं:
बी म्वाका प्रवाळाच्या कडेवरून परत आल्या,
कमरेपर्यंत नव्हे, केसांपर्यंत ओल्या,
मुठीत एक झुपका, काळपट लाल,
फांद्यांवर मोहरीएवढे दाणे.
"हे कोणी बांधलेलं नाही," म्हणाल्या.
"याला बी आहे का, बघ."

मी बादलीत ठेवलं, सावलीत.
नमुना क्रमांक लिहिला, तारीख लिहिली.
'कोणाला सापडलं' या रकान्यात
माझं नाव छापूनच येतं, संस्थेच्या शिक्क्यासह.
पेन्सिलीने खोडलं.
छापलेलं पेन्सिलीने खोडलं जात नाही,
नुसतं काळं होतं.
त्याच्या वरच्या कोऱ्या पट्टीत, बारीक अक्षरात,
त्यांनी सांगितलं तसं, बापाच्या नावासकट.